बब्रुवानाच्या कानातली दुसरी घंटा

मित्रांनो, मेंढराच्या गळ्यातली घंटा ती काय आणि तिची कहाणी ती काय, असं म्हणून पुढं जाऊ नका. मी जुनी आहे, काठाचा टवका उडालाय, अंगही काळवंडलंय. पण आवाज अजून खणखणीत आहे. बेंबळीच्या माळावर एकेकाळी माझ्या आवाजावर अख्खा कळप चालायचा. थोडं मिरवते मी, मला ठाऊक आहे. घंटेनं मिरवायचं नाही, तर काय बाचक्यात तोंड खुपसून बसायचं? तेही करून झालंय माझं. ऐका तर.

परंड्याच्या बाजारात एका ओताऱ्यानं मला पितळेची ओतली आणि पोटात लोखंडी लोलक टांगला. तिथं बब्रुवान धनगर आला. त्यानं एकाही घंटेकडं पाहिलं नाही. पाठ फिरवून उभा राहिला आणि ओताऱ्याला म्हणाला, "एकेक वाजवा." माझी पाळी आली तसा तो वळला. "ही. हीच द्या."

शेजारी त्याची बायको हरणाबाई उभी होती. ती म्हणाली, "अवो, घंटा घेताय का नवरी बघताय?"

तेव्हापासून मी पैलवान नावाच्या म्होरक्या एडक्याच्या गळ्यात होते. बब्रुवान तोंडावर पटका टाकून बाभळीखाली पडायचा आणि नुसत्या माझ्या आवाजावरून सांगायचा, मेंढरं चरतायत, पाणी पितायत की वाट सोडून निघालीत. बहात्तरच्या दुष्काळात लोकांचे कळपच्या कळप बसले. बब्रुवानाचाही अर्धा गेला. उरलेला त्यानं सीनेच्या काठाकाठानं फिरवून जगवला. पुढं बेंबळीकडच्या धनगरांनी मेंढपाळांची सोसायटी काढली. लोकर एकत्र विकायची, औषध एकत्र आणायचं, आणि पाऊस रुसला की सगळ्यांची मेंढरं एका म्होरक्याच्या मागं सीनेकडं न्यायची, असं ठरलं. म्होरक्याची काठी बब्रुवानाच्या हातात आली. कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, कुठं पाणी पाजायचं, सगळं त्याच्या शब्दावर. त्या काठीवर त्याचा जीव होता.

आणि मग तो हरभऱ्याचा दिवस आला.

थंडीचे दिवस होते. बब्रुवान माळावर पडला होता. मेंढरं टेकाडामागं गेली आणि सरळ सिद्धलिंगअप्पांच्या हिरव्यागार हरभऱ्यात शिरली. अप्पा जवळच्या गावचे शेतकरी, रागीट पण मनानं चांगले. ते पैलवानाला कान धरून ओढतच घेऊन आले.

"झोपला व्हतास काय रं?"

"न्हाय अप्पा, जागा व्हतो! घंटा वाजत व्हती की. हितंच, टेकाडाखाली. एकसारखी वाजत व्हती."

अप्पांनी मला उलटी केली. तळ्यावर पाणी पिताना पैलवान चिखलात बसला होता. काळी माती माझ्या पोटात गच्च भरली होती, लोलक तसूभर हलत नव्हता. सकाळपासून मी मुकी होते.

बब्रुवानानं बोट घालून माती उकरली. माझ्याकडं बघत राहिला. "मंग म्या काय ऐकलं?" तो पुटपुटला. अजूनही त्याला ऐकू येत होतं. मी त्याच्या हातात गप्प होते आणि त्याच्या कानात कुणीतरी वाजतच होतं.

मित्रांनो, सवत म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

मग सुरू झाले उपाय. लसणाचं तेल झालं, कांद्याचा रस झाला, शेकणं झालं. एका देवर्षीनं डोळे मिटून सांगितलं, "ही साधी घंटा न्हाय. बिरोबा बोलावतोय ह्याला!" झालं! लोक येऊन बब्रुवानाच्या पाया पडायला लागले. कुणी नारळ ठेवला, कुणी लेकरू पायावर घातलं. बब्रुवान बिचारा घाबरून गेला. शेवटी हरणाबाई पदर खोचून पुढं आली. "देव आसंल तर त्येला सांगा, जरा दम खा. मानूस झोपंना की माजा! देव आसा छळत न्हाय." देवर्षी नारळ घेऊन गेला.

उस्मानाबादला एका डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले. भले गृहस्थ होते. म्हणाले, "कान साफ आहे, पडदा शाबूत आहे. हे का वाजतं ते मला सांगता येत नाही. याला औषध नाही, पण यानं जिवालाही धोका नाही." बब्रुवानाच्या डोक्यात 'औषध नाही' तेवढंच राहिलं. धोका नाही, हे ऐकायला त्याचं मन जाग्यावर नव्हतं.

परत आल्यावर तो बांधावर बसून रडला. मी पैलवानाच्या गळ्यात, समोरच होते. "कान ग्येला आसता तरी सोसलं आसतं, हरणे," तो म्हणाला. "ह्ये येड लागायचं लक्षान हाय. ह्या घंटीनंच कानात घर क्येलंय माज्या." असं म्हणून त्यानं मला सोडलं, माझ्या पोटात लोकर कोंबली आणि वाकळांच्या बाचक्यात तळाला घातलं. अपराध काय, तर मी घंटा! किती राग आला मला, काय सांगू. वाजायला जन्मलेली मी, आणि माझ्यावर तोंड दाबून पडायची वेळ यावी!

पण त्याचा तरी काय फायदा झाला? तो माणसांपासून लांब, गप्प जागा शोधत हिंडायला लागला. आणि जेवढी जागा गप्प, तेवढी ती सवत मोठ्यानं वाजायची. जेवण तुटलं, गाल बसले. मेंढरांना हाक मारायचाही त्याला कंटाळा यायला लागला. ह्या सगळ्या गोष्टी मला बाचक्यात कळायच्या, कारण हरणाबाई त्याच बाचक्याला टेकून बसायची आणि स्वतःशी बोलायची.

हरणाबाईनंच ते हेरलं. एकदा दोघं मिळून मेंढ्यांची लोकर कातरत होती. कातऱ्यांचा कचकच आवाज, मेंढ्यांचं ओरडणं, पोरांचा दंगा. कातरता कातरता बब्रुवान कुठल्यातरी जुन्या गोष्टीवर हसला. हरणाबाईची कातरी थांबली.

"अवो, आत्ता वाजत न्हवतं काय?"

तो गोंधळला. "वाजत... वाजतंय की. आत्ता इचारलंस तवा कळलं. मगाशी ध्यान न्हवतं."

"मंग आसं हाय व्हय! ती पावणी हाय. तुमी समोर बसून तोंडाकडं बघत ऱ्हायलात तर ती हलायची न्हाय. आपून आपल्या कामाला लागायचं. आन उद्यापासून गप जाग्याला जायाचं न्हाय."

तिनं बाचकं उपसलं, माझ्या पोटातली लोकर काढली आणि मला पैलवानाच्या गळ्यात बांधलं. बब्रुवान ओरडला, "एक वाजतीया ती काय कमी हाय? आता दोन-दोन?"

"व्हय, दोन! कंची आपली आन कंची परकी, त्ये वळखायला शिका. नवरी बघून आनली व्हती नव्हं?"

पहिले दिवस फार वाईट गेले. तो कान दाबून बसायचा, मला शिव्या द्यायचा. मीही हट्टाला पेटले होते. पैलवानानं मान हलवली की जोरात वाजायचे. मग हळूहळू त्याला एक गोष्ट उमगली. आधी पुटपुटला, मग पळत येऊन बायकोला सांगितलं. "हरणे, ती कानातली एकसुरी हाय! ती चरत न्हाय, पानी पीत न्हाय, चढ लागला तर दमत न्हाय. पैलवानाची घंटा चालती. ही जाग्यावरच हाय!"

तेव्हापासून बब्रुवान नुसता आवाज ऐकेना, चाल ऐकू लागला. मी टण-टण करत चढ चढले की त्याची मान माझ्याबरोबर हलायची. झोप यायला लागली. भाकरी पोटात जायला लागली. कानातली गेली का? छे! पण तिचा तोरा गेला.

लोकांना हे कुठं माहीत? त्या साली पुन्हा पाऊस रुसला. सीनेकडं निघायचं ठरलं. त्याआधी सोसायटीची कातरणी होती, म्हणून सगळे कळप माळावर एकत्र आले होते. चेअरमन श्रीपती आण्णा मऊ आवाजात म्हणाले, "बब्रुवान, राग मानू नगंस. समद्यांची मेंढरं हायेत. न वाजलेली घंटा ज्येला ऐकू येती, त्येच्या मागं कसं जायाचं? औंदा काठी दुसऱ्याला दिऊ."

बब्रुवानाचा चेहरा उतरला. पण तो एवढंच बोलला, "कातरणी हुस्तवर तरी काठी ऱ्हाऊ द्या, आण्णा."

दुपारी भाकरी खाऊन सगळे बाभळींच्या सावलीला बसले होते. कळप मिसळलेले, ठायीठायी घंटा वाजत होत्या. पैलवान थोड्या मेंढ्या आणि कोकरं घेऊन ओघळीत उतरला. आणि थांबला. समोर झुडपाआड दोन लांडगे दबून बसले होते. पैलवानाचे पाय जमिनीला चिकटले. माझा लोलक त्याच्या ताठरलेल्या गळ्याला टेकला, आणि नेमकं जेव्हा ओरडायचं, तेव्हा मी मुकी झाले!

इतक्या घंटांत एक कमी झाली, हे कुणाला कळणार? वर बब्रुवान ताडकन उठला. "पैलवान थांबला! चरताना आसा गपकन थांबत न्हाय त्यो. लांडगा हाय!"

"बस रं," कुणीतरी हसलं. "तुज्या कानाचं काय खरं?"

मित्रांनो, तो चुकला असता तर काठी कायमचीच गेली असती, आणि जन्मभर पोराटोरांनी त्याला चिडवलं असतं. त्याच्या कानात तर तेव्हाही वाजत होतं. तरी तो धावला. काठी उगारत, कुत्र्यांना हाका मारत, ओघळीच्या काठावरून त्यानं सरळ खाली उडी घेतली. एका लांडग्यानं कोकराची तंगडी धरली होती. बब्रुवानाची काठी त्याच्या पेकाटात बसली. कोकरू सुटलं, कुत्री तुटून पडली, लांडगे पळाले. मागून धावत आलेले लोक काठावर उभे राहून बघत राहिले. एकही मेंढरू गेलं नाही!

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" माळ दणाणला. भंडारा उधळला, माझ्यावरही मूठभर पडला. श्रीपती आण्णांनी खाली पडलेली म्होरक्याची काठी उचलून बब्रुवानाच्या हातात दिली आणि हसत म्हणाले, "मंजी कान बरा झाला म्हनायचा!"

सगळे त्याच्या तोंडाकडं बघायला लागले. नुसतं व्हय म्हणाला असता तरी भागलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हण की बाबा, तुझं काय जातंय!

"न्हाय आण्णा," बब्रुवान म्हणाला. "ह्या घडीलाबी वाजतंय. उद्याबी वाजंल. का वाजतंय त्ये डाक्टरला म्हाईत न्हाय, मलाबी न्हाय. पर मेंढरं म्या न्हेनार."

मग आण्णा म्हणाले, "वाजू दे मंग. हाक मेंढरं!"

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं माणूस कधी म्हणेल, की तुम्हाला ऐकू येत नाही ते मला ऐकू येतं. त्याला हसू नका, देव म्हणून त्याच्या पायाही पडू नका. हरणाबाईसारखं त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्या हातात काम द्या. आणि कुणी एकदा चुकलं म्हणून त्याची काठी घाईनं काढून घेऊ नका.

दुसऱ्या सकाळी आम्ही सीनेकडं निघालो. धुळीचा लोट उठला, साऱ्या सोसायटीची मेंढरं वाटेला लागली. पैलवानाच्या गळ्यात मी जीव खाऊन वाजत होते, आणि सगळ्यांच्या पुढं बब्रुवान चालला होता, वाजत्या कानानं.