चुन्याची रेघ

एनॉक टनिक्लिफ सकाळी खाली आला, तर चुलीपाशी त्याचे खाणीतले बूट. चरबी चोळून मऊ केलेले. त्याला फुटबॉल क्लबात घेतल्यापासून ते माळ्यावर पडून होते. हे कशाला काढलेस, असं त्यानं बायकोला विचारलं. चामडं तडकतं म्हणून, असं केझाया म्हणाली, पण त्याच्याकडे न बघता. पुढे विचारायचं त्याचं धाडस झालं नाही. आज हंगामाचा पहिला सामना होता.

इतर गोलकीपर दावणीच्या गाईसारखे खांबापाशी उभे राहायचे. एनॉक चेंडू पकडायचा आणि हातानं आपटत थेट मैदानाच्या मध्यापर्यंत पळायचा. नियमात बसत होतं. ते बघायला लोक शनिवारी खाणीतून तशाच काळ्या तोंडानं मैदानावर यायचे. मग या उन्हाळ्यात लंडनच्या साहेबलोकांनी ठरवलं, की यापुढे गोलकीपरनं हात लावायचा तो गोलपुढच्या चौकोनातच. उभ्या जन्मात ज्यांच्या गुडघ्याला चिखल लागला नाही, त्यांनी बसल्या जागी एनॉकचे हात छाटले.

सरावात तो पुन्हा पुन्हा चौकोनाच्या रेघेबाहेर चेंडू उचलून बसला. सवयच ती. म्हाताऱ्या ट्रेनरनं, जेबेझ रॉलीनं, त्याला बाजूला घेतलं.

"लेका, संचालकांनी दुसरा बघून ठेवलाय. पहिल्या सामन्यापर्यंत थोपवतो मी त्यांना. पुढचं माझ्या हातात नाही."

क्लब सुटला की खाण. एनॉकचा थोरला भाऊ छत कोसळून गेला, तेव्हा एनॉक त्याच्या शेजारीच कोळसा फोडत होता. त्या अंधाराची त्याला भयंकर भीती वाटायची आणि ते फक्त केझायाला माहीत होतं.

म्हणून तिनं परसातल्या फरशीवर चुन्याची रेघ मारली. ती चेंडू फेकायची, तो पुढे धावायचा. रेघ ओलांडली की ती ओरडायची, "हात!" तरी ऐकेना, तेव्हा पट्ट्यानं त्याचे हात पाठीशी बांधले. हळूहळू जमलं. नजर आधी खाली रेघेवर जायची आणि मगच हात हलायचे. दोघांनाही फार हायसं वाटलं.

सामन्यात तो चांगला खेळला. रेघेबाहेर धावून त्यानं चेंडू पायानं लांब उडवला, तेव्हा लोकांनी टोप्या हलवल्या. स्टँडमागे खाणीच्या तोंडावरचं चाक फिरत होतं, तिकडे तो बघत नव्हता. सामना संपत आला, गोल कोणाचाच नाही, आणि एक उंच, संथ चेंडू आला. शाळकरी पोरानंही झेलला असता. एनॉक पुढे सरसावला आणि त्यानं खाली रेघ बघितली. रेघ अजून पुढे होती, तो चौकोनाच्या आतच होता. मान वर केली तोवर चेंडू खांद्यावरून जाळ्यात गेला होता.

कोणी शिवीसुद्धा दिली नाही. जेबेझनं त्याची जर्सी घडी करून स्वतःकडे ठेवली.

घरी बूट तिथेच होते. केझाया म्हणाली, "मी सकाळी काढायला नको होते रे."

"बरं केलंस," तो म्हणाला. "चावणार नाहीत."

सोमवारी पहाटे तो माणसांच्या दाटीत खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्यात उभा राहिला. दार लावणारा नेहमीसारखा ओरडला, "हात आत घ्या!"

एनॉकचे हात केव्हाच पाठीमागे गेले होते. पिंजरा खाली सुटला.