ब्रिंकमनांच्या शेतावरचा टेबे

अरुणाताईंनी पुण्यात तीस वर्षं जर्मन शिकवलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीचं जर्मन हस्ताक्षर त्या वर्तमानपत्रासारखं वाचत. सिंगापुरात क्लेमेंटीला मुलाकडे राहायला आल्या आणि ही गोष्ट कळताच शेजारच्या ब्लॉकमधला वॉल्टर ब्रिंकमन खोकं घेऊन दारात हजर झाला. त्याचे खापरपणजोबा हाइन्रिश जर्मनीतून अमेरिकेत मिसुरीला गेले आणि जंगल तोडून त्यांनी शेती उभी केली. त्यांची पत्रं, चर्चच्या नोंदी, सगळं अरुणाताईंनी दोन वर्षं डोळे ताणून वाचून दिलं.

त्यावरून वॉल्टरने केलेल्या घराण्याच्या पुस्तकाचं प्रूफ त्यांच्याकडे तपासायला आलं. प्रस्तावनेत वॉल्टरने लिहिलं होतं, 'जुन्या अक्षरातली एकेक ओळ मी स्वतः लावली.' आणि शेवटी आभार होते 'टायपिंगला मदत करणाऱ्या शेजारीणबाईंचे.'

"टायपिंग!" अरुणाताईंनी चष्मा टेबलावर आपटला.

"आई, जाऊ द्या हो, म्हातारा आहे तो," सून चैत्राली म्हणाली.

"आणि मी काय कोवळी आहे?"

त्याच आठवड्यात हाइन्रिशच्या लग्नाची नोंद त्यांच्या हाती आली होती. जर्मनीच्या त्या भागात आडनाव माणसाचं नसे, शेताचं असे. लग्न करून शेतावर राहायला येणारा पुरुष शेताचं नाव लावी. हाइन्रिश जन्माने टेबे, ब्रिंकमनांकडचा गडी. मालक वारला, त्याने मालकिणीशी लग्न केलं आणि तो ब्रिंकमन झाला. वॉल्टरने मात्र वंशवृक्षात त्याच्यामागे चारशे वर्षांचे ब्रिंकमन लावले होते.

अरुणाताईंनी लाल पेन उचललं, टोपण पुन्हा लावलं आणि प्रूफ कोरं परत पाठवलं. समोरची चूक त्यांनी जन्मात पहिल्यांदाच सोडली. फार गोड वाटलं.

प्रकाशन सिंगापूरच्याच ईस्ट कोस्ट भागात, एका कॉन्डोच्या हॉलमध्ये होतं. मिसुरीहून नातेवाईक आले होते. वॉल्टर भिंतीवरच्या वंशवृक्षावर थाप मारून म्हणाला, "चारशे वर्षांचं ब्रिंकमन रक्त!"

अरुणाताई उठल्या. लग्नाच्या नोंदीची प्रत त्यांनी त्याच्या हातात दिली.

"एवढं वाचून दाखवा ना. तुम्हीच तर ओळी लावल्यात."

वॉल्टरने कागद जवळ धरला, लांब धरला. कोणीतरी खोकलं.

"चष्मा देऊ माझा?"

मग त्यांनीच वाचून इंग्रजीत अर्थ सांगितला, वर्गात सांगत तसा, खणखणीत. मागून एक चुलतभाऊ खिदळला, "वॉल्टर, म्हणजे आपण गड्याची पोरं की रे!"

वॉल्टर लालबुंद होऊन त्यांच्यापाशी आला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"टायपिंग करताना दिसलं."

"पुस्तकं छापून झालीत. आता काय करू?"

"प्रत्येक प्रतीत टेबे हे नाव हाताने घाला. जुन्या अक्षरात. मी लावते वळण."

सोमवारी सकाळी तो त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बोरू घेऊन बसला. शेजारी पुस्तकांची चळत होती. तासाभराने मान वर न करता तो पुटपुटला, "मॅडम, तुमचं नाव कुठे घालू?"

"त्याचं मग बघू," अरुणाताई चहाचा घोट घेत म्हणाल्या. "हा 'ई' नाही झाला, 'एन' झाला. खोडा. पुन्हा."