आप्पांचा खडा

"म्हाताऱ्याला सांगायचं न्हाय म्हंजे न्हाय!" दादानं डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला.

डॉक्टर बिचारे शांत माणूस. मूत्रपिंडातली कॅन्सरची गाठ त्यांनीच दुर्बिणीतून काढली होती, उरलेलं मूत्रपिंड वाचवलं होतं. आता आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या, फुफ्फुसात ठिपके दिसत होते. पण एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता, शरीराचीच ताकद कॅन्सरवर सोडणारं औषध, आणि आप्पांना त्यात घेता येत होतं. "आजार काय आहे ते त्यांना माहीत पाहिजे," डॉक्टर म्हणाले, "आणि 'हो' त्यांनी स्वतः म्हणायला पाहिजे. आत्ताच. अंगातली ताकद गेली की अभ्यासात घेत नाहीत."

"नाव ऐकूनच मरंल की ओ साहेब त्यो!"

"दादा, सांगूया की," मी म्हणाले.

"पूनम, बिरोबाची आण घातलीया तुला. बोललीस तर आप्पा जाईल, तुझ्यामुळं."

आण मोडली तर माणूस जातो हे आम्ही धनगरांनी आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं. डॉक्टरांना आण कशी समजावणार? दादा थेट सोलापूरच्या नवी पेठेत घुसला आणि आप्पांना भारीतलं धोतर घेतलं. औषध नाकारायचं आणि धोतर घ्यायचं! शहाणाच तो.

मुळात थाप त्याचीच. ऑपरेशन झाल्यावर आप्पा म्हणाले होते, "काय काडलं ते बगू दे." तर ह्यानं दवाखान्याच्या आवारातून चिंचोक्याएवढा खडा उचलला, धुतला आणि दिला हातात. मुतखडा म्हणे! "आयला, एवढा? आन् मी जित्ता?" आप्पा खूश. खडा चंचीत, पानसुपारीबरोबर. अख्ख्या वळसंग गावानं तो पाहिला. मग तपासणीला चला म्हटलं की आप्पा हसायचे. "खडा निघाला की. आता काय घर बांदायचंय का दवाखान्यात?"

आणि हाच माणूस जन्मभर मेंढरांशी खोटं बोलला नाही. जगणार नाही असं मेंढरू दिसलं की मांडीवर त्याचं तोंड धरायचे आणि सांगायचे, "बाई, तुजं झालं आता." लोक हसायचे. आप्पा म्हणायचे, "त्याला कळाय नगं व्हय?"

दिवाळीपर्यंत आप्पा अंथरुणाला खिळले. श्वास लागायचा. दादा म्हणायचा, दमा आहे.

एके दिवशी लालसाबचाचा आले. आप्पांची मेंढरं बाजाराला नेणारा टेम्पो त्यांचा, दोस्ती तितकीच जुनी. उशाशी बसून हळूच म्हणाले, "मायाप्पा, मला बी लाल व्हायला लागलंय लगवीला. दुखत बिखत न्हाय."

"मग भितोस कशाला?" आप्पांनी चंची सोडली, खडा त्यांच्या तळहातावर ठेवला. "ह्यो बग. हुलग्याचं पानी पी सकाळ-संध्याकाळ. पडतंय आपुआप."

"व्हय? मंग दवाखाना नगं?"

"काय करायचाय दवाखाना!"

मी दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता. मेल्या, बोल की! एक शब्द तरी बोल!

"चाचा, हुलगं पिऊ नका," मी म्हणाले. "उद्याच सोलापूरला जाऊन सोनोग्राफी करा. आप्पांचा खडा नव्हता. कॅन्सर हुता."

चाचांच्या हातात खडा तसाच. आप्पा माझ्याकडे वळले.

"औषद न्हवतं?"

"हुतं, आप्पा. उन्हाळ्यात हुतं. त्याला तुमचं 'हो' लागत हुतं, आमी तुमाला इचारलंच न्हाय. आता तुमाला उठवत न्हाय, आता देत न्हाईत."

दादा हुंदके द्यायला लागला. "भ्यालो हुतो आप्पा, तुमी जाल म्हनून..."

आप्पांनी चाचांच्या हातातला खडा घेतला, दादाला जवळ बोलावलं, त्याच्या मुठीत ठेवला आणि बोटं मिटवली.

"जोत्या," ते धापा टाकत म्हणाले, "मेंढराला बी सांगत हुतो की रं मी."

मग चाचांकडे वळून म्हणाले, "तू ऊठ. टेम्पो काड."