चाळीस झाडांची वही

हिंगणीच्या कुंताबाईंच्या वांग्याच्या वावरात एक रीत होती, आणि ती मोडायची छाती माकडांखेरीज कोणाचीच नव्हती. बियाण्यासाठी राखलेल्या झाडाला चिंधी बांधायची. एकदा चिंधी बांधली की त्या झाडाला हात लावायचा नाही. वांगं पिकून पिवळं पडो, पाहुणा दारात बसून भरताचं नाव काढो, हात लावायचा नाही म्हणजे नाही.

इथवर ठीक. बियाणं कोण राखत नाही? पण कुंताबाई चिंधी बांधायच्या ती नेहमी शेवटच्या सरीत, जिथं पाटाचं पाणी सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी पोचतं. पाटाजवळची झाडं कशी धष्टपुष्ट, वांगी तळहाताएवढी. तिकडं बाई ढुंकूनही पाहायच्या नाहीत.

त्यांच्या लेकीनं, वर्षालीनं, पाचवीत असतानाच विचारलं होतं, "काऊन?" आई म्हणाली, तुह्या आजीनं सांगितलं म्हणून. आजी तर कधीचीच गेलेली. बाप कैलासभाऊ म्हणाले, पाटाजवळची वांगी माकडं नेतात, म्हणून. शेजारच्या वावरातले बापूजी म्हणाले, शेवटची सरी देवाची असते. तीन माणसं, तीन उत्तरं, आणि पोरीचं पोट एकानंही भरलं नाही.

आता हीच पोर वर्ध्याला कॉलेजात होती, वनस्पतिशास्त्र घेऊन, तिसऱ्या वर्षाला. नवीन नियम असा आला होता की तीन वर्षं करून पदवी घ्या आणि घरी जा. नाहीतर हुशार असाल तर चौथं वर्ष थांबा, स्वतःचं संशोधन करा आणि ऑनर्स घेऊन जा. जागा दहा. गुणांची अट वर्षालीनं आरामात ओलांडली, पण ओलांडणारे एकतीस निघाले. मग विभागप्रमुख रीता मॅडमनी तोड काढली. प्रत्येकानं एक प्रश्न निवडायचा, आपल्या हातानं थोडा तपासायचा, आणि फेब्रुवारीत परीक्षकांसमोर मांडायचा. त्यातून दहा.

नाही लागला नंबर, तर? तर सावंगीला एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर जागा होती. प्रमिलामावशीनं शब्द टाकून ठेवला होता. नोकरी वाईट नव्हती हो, आणि आईचंही मत खिडकीकडंच होतं. पण वर्षालीला ती खिडकी नको होती. दिवसभर प्रश्न विचारायचे, आणि तेही ठरलेले: नाव काय, वय काय, गाव कोणतं. तिला स्वतःचे प्रश्न विचारायचे होते.

तिनं शेवटच्या सरीचाच प्रश्न घेतला. पाटाजवळची वीस झाडं, शेवटच्या सरीतली वीस. प्रत्येक तोडणीला झाडागणिक किती वांगी निघतात ते मोजायचं, म्हणजे कोणतं झाड खरं दमाचं ते तरी कळेल. जानेवारीभर तिच्या परीक्षा, मुक्काम होस्टेलला. म्हणून तिनं वहीत रकाने आखले, वही वावरातल्या खोपडीत खुंटीला टांगली आणि बापाला सांगितलं, किती निघाली ते लिहीत जाजा. झाडं ओळखू यावीत म्हणून जुनी लाल ओढणी फाडली आणि चाळीसही झाडांना एकेक पट्टी बांधली.

इथंच घोडं पेंड खात होतं. पण एवढी शिकलेली पोर, तिच्या काही ध्यानात आलं नाही. परीक्षा डोक्यात, एसटी निघायची वेळ झालेली, आणि कुंताबाई त्या दिवशी सेलूच्या बाजारात.

होस्टेलवरून ती दर आठवड्याला फोन करायची. लिहून राह्यले ना बाबा? "एक दिवस चुकवला नाई," कैलासभाऊ सांगायचे, आणि ते शब्दशः खरं होतं.

परीक्षा संपवून ती आली ती बसथांब्यावरून थेट वावरात. चाळीस झाडं पिवळ्याधमक वांग्यांनी वाकलेली. बाकी सगळं वावर तोडून साफ, आणि ही चाळीस मात्र जशीच्या तशी. तिनं वही काढली. नऊ तोडण्या, चाळीस रकाने, सगळ्यांत शून्य. सुबक, गोल, सातवी शिकलेल्या माणसानं जीव लावून काढलेली तीनशे साठ शून्यं.

"बाबा, तोडून मोजायची होती ना."

"चिंधी बांधलेलं झाड तोडाचं?" कैलासभाऊंना खरंच समजेना. "तूच त बांधली. तुह्या मायलेबी वाटलं, बियाण्याले राखली." मग त्यांना समजलं, आणि त्यांचा चेहरा पाहवेना. आत्ता तोडतो म्हणाले, सगळी तोडतो. पण काय उपयोग? अंगावर पिकलेलं फळ राहिलं की झाड नवीन धरत नाही. महिना गेला तो गेलाच. वर्षालीला रडू आलं आणि बापावर चिडायची सोयही नव्हती, कारण त्यानं काही चुकवलंच नव्हतं.

परीक्षक चार दिवसांवर. तिनं ऋतिकला फोन लावला. ऋतिक वर्गात पहिला, सल्ल्याला तत्पर. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, यात काय अवघड? शून्याच्या आधी एकेक आकडा टाक. वावरात पाहायला कोण येतंय?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वावराच्या कडेला धुऱ्यावर वही घेऊन बसली. पेन उघडलं. पहिल्या शून्याच्या आधी एक काढला. दहा झाले. दिसायला फार छान दिसत होते. मग तिनं समोरच्या झाडाकडं पाहिलं. एका तोडणीत एका झाडाला दहा वांगी? शेजारच्या बापूजींनी ऐकलं असतं तर हसता हसता खाली बसले असते. तिनं तो आकडा खोडला.

"काय खोडून राह्यली?" कुंताबाई पलीकडून आल्या आणि बाजूला टेकल्या. वर्षालीनं सगळं सांगितलं, ऋतिकचंसुद्धा. आई रागावली नाही. नुसती म्हणाली, एवढं काय पाहाचं होतं तुले?

"शेवटच्या सरीलेच तू चिंधी काऊन बांधतं, ते."

कुंताबाईंनी त्या सरीकडं पाहिलं.

"मीबी इचारलं होतं," त्या म्हणाल्या. "लगन होऊन आली त्याच साली. बुडी, तुही आजी, म्हणे, सुनेनं हात चालवावा, तोंड नाई. मंग नाई इचारलं कोनाले."

"आन मी विचारलं तवा?"

"तुले उत्तर कुठून देऊ? मलेच नाई भेटलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सव्वीस वर्सं बांधून राह्यली. दरसाली चिंधी बांधताना मनात येते, काऊन?"

ज्या बाईला वर्षाली आयुष्यभर प्रश्न बंद करणारी समजत होती, तिनं तोच प्रश्न आपल्याआधी पोटात ठेवला होता. तिला आईची लाज नाही, स्वतःची वाटली.

परीक्षकांसमोर बाकीच्यांचे तक्ते रंगीत होते. ऋतिकचे तर पडदाभर आलेख. वर्षालीनं वही उघडली आणि तीनशे साठ शून्यं दाखवली, खोडलेल्या एकासकट. चिंधीची रीत सांगितली, आपली चूक सांगितली. एक परीक्षक हसले. नागपूरहून आलेल्या वयस्क बाई मात्र चष्मा सारून वहीवर वाकल्या. शेवटचीच सरी का? कधीपासून? आजूबाजूच्या वावरांत काय करतात? पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली. दर दुसऱ्या प्रश्नाला वर्षाली "माहीत नाही" म्हणत होती आणि कागदावर तो प्रश्न उतरवून घेत होती.

"आणि तुमच्या आईचं उत्तर काय?" बाईंनी शेवटी विचारलं.

"उत्तर नाही मॅडम. तिचाही हाच प्रश्न आहे. सव्वीस वर्षं."

आठवड्यानं यादी लागली. ऋतिक पहिला, वर्षाली नववी. तिच्या नावापुढं रीता मॅडमनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, पुढच्या वेळी खुणेसाठी चिंधी नको.

ती धावत घरी आली तर कुंताबाई विहिरीजवळ. समोर दोन वाफे, नुकतेच शिंपलेले, मध्ये एक काडी रोवलेली. त्या पिवळ्या वांग्यांचं बी त्यांनी वाया जाऊ दिलं नव्हतं. पाटाजवळचं एका ताटात वाळवलं, शेवटच्या सरीतलं दुसऱ्यात, आणि सकाळी वेगवेगळं टाकलं. नंबर लागल्याचं ऐकून त्यांनी लेकीच्या गालावरून मातीचा हात फिरवला. मावशीले फोन करून सांगजो, खिडकी नाई पाहिजे म्हना, एवढंच म्हणाल्या.

"वाफ्याले चिंधी नाई बांधली?" वर्षालीनं चिडवलं.

"तुह्या बापानं मंग पानीबी नसतं देलं," कुंताबाई म्हणाल्या. "थे वही आन. कसं लिहाचं थे दाखव."

वर्षालीनं नव्या पानावर दोन रकाने आखले. कुंताबाई चौथी शिकलेल्या. पेन हातात धरून त्यांनी आधी दोन्ही वाफे वाकून नीट पाहिले. अजून काहीच उगवलं नव्हतं. मग त्यांनी दोन्ही रकान्यांत एकेक शून्य काढलं.