सूर्यभानच्या कोपराचं माप

माझी बायको राजेश्वरी लग्नाला जाते तेव्हा नवरानवरीकडे नंतर बघते. आधी कुणाच्या तरी जाकिटाची कड उलटून आतली शिलाई बघते. ती जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे आणि कुठल्या वकिलाने कोट शिवून घेतलाय, कुठल्याने तयार आणलाय, हे तिला दारातूनच कळतं. निकालाचा अंदाजही ती त्यावरून बांधते. तो सहसा चुकतो, पण तिची श्रद्धा ढळत नाही.

आमच्या घरी एक कपाट आहे, त्यात माणसांचे कपडे नाहीत. म्हणजे आहेत, पण ती माणसं आता नाहीत. माझ्या वडिलांचा टेरिलीनचा बुशशर्ट, कुण्या अनोळखी सुभेदाराचा लष्करी ओव्हरकोट, एका आत्याबाईंची चोळी. माझे शर्ट खुर्चीवर असतात. पॅरिसात एकेका बाईसाठी एकेक पोशाख हाताने शिवतात, त्या कलेला ‘कुत्यूर’ म्हणतात, हे मला लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात समजलं. एका अंगाचा कपडा दुसऱ्या अंगाला बसत नाही, हे त्यातलं तत्त्व. मी अर्थशास्त्र शिकवतो. मला ते तत्त्व महाग वाटलं.

आमच्या नगरात राजेश्वरीचं पॅरिस झेंडीगेटजवळच्या एका गल्लीत आहे. तिथे अल्मासचं दुकान. तिचे वडील रज्जाकभाई कॅन्टोन्मेंटातल्या साहेबांचे गणवेश शिवायचे, आणि कात्री धरायला तिला त्यांनीच शिकवलं. अल्मास स्वतःच्या कल्पनेचे कपडे बेतते, पण गल्लीतल्या बायका तिच्याकडे फॉल-पिको घेऊन येतात. मार्चमध्ये नागापूरच्या एका कारखान्यातून तिला बोलावणं आलं. कामगारांचे गणवेश कापायचे, एकाच मापाचे शंभर थर एकदम. एक तारखेपर्यंत फॉर्म भरून द्यायचा होता.

राजेश्वरीने परस्पर एका मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनात तिच्या नावाने टेबल घेतलं. ‘आपले डिझायनर’ असा फलक होता. अल्मासने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काकू, वाहवा करणारे पुष्कळ येतील. एक तरी माणूस असा यावा, की ज्याला माझ्याच हातून, त्याच्याच मापाचं काहीतरी हवंय. तसा कुणी आला नाही, तर मी फॉर्म देणार.”

राजेश्वरीला वाटलं, त्यासाठी टेबलावर एक नजर खिळवणारी वस्तू हवी. जुन्या, अस्सल कापडाची. ते शोधायला आम्ही छत्रपती संभाजीनगरला गेलो, दिवसभर हिंडलो आणि मोकळ्या हाताने परत निघालो. वाटेत घोडेगावला जनावरांचा बाजार भरला होता. टेम्पोंनी रस्ता अडवला म्हणून आम्ही चहाला उतरलो. चहा येईपर्यंत राजेश्वरी म्हशींच्या रांगेत शिरली होती.

तिला एका म्हाताऱ्या दलालाच्या खांद्यावरचं कापड दिसलं होतं. संभाजीनगरच्या मागावरचा जुना हिमरू, उडालेला जांभळा रंग, त्यावर बारीक वेल. दलालाचं नाव सूर्यभान. शेजारी त्याची म्हैस उभी होती आणि तिला या सगळ्यात काही रस नव्हता. राजेश्वरीने विचारलं, “बाबा, हे आतून बघू का?” हिमरूची खरी पारख मागच्या बाजूला, तिथल्या सुट्या धाग्यांवरून होते. सूर्यभानने कापड स्वतःच्या हातावर पसरलं आणि म्हणाला, “घाला की हात.”

इथे थोडं थांबायला हवं. घोडेगावच्या बाजारात जुने लोक भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एका कापडाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, आणि किती बोटं, कशी धरली, यावरून आकडा ठरतो. बघणाऱ्यांना कळत नाही. हे मला माहीत होतं. राजेश्वरीलाही माहीत होतं, पण कापड समोर असलं की तिला बाकीचं माहीत असलेलं आठवत नाही.

तिने आत हात घालून धागे चिमटीत धरले. चिमटीत सूर्यभानची दोन बोटंही आली. त्याने उलट चार दाबली. तिला वाटलं, म्हातारा आपल्याला नक्षी कुठे सुरू होते ते दाखवतोय. तिने भारावून त्याचा अख्खा पंजा दाबला. सूर्यभानने मान हलवली, म्हशीचं दावं सोडलं आणि तिच्या हातात दिलं.

भोवतीच्या लोकांनी तिचं अभिनंदन केलं. कुणीतरी विचारलं, गोठा कुठं आहे. मी सांगितलं, सावेडीत, तिसऱ्या मजल्यावर.

राजेश्वरीचा चेहरा उतरला. कापडाखाली दाबलेला पंजा म्हणजे शब्द, आणि तिथे शब्द फिरवत नाहीत. ती सूर्यभानजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “बाबा, चूक झाली. मला म्हैस नको होती. मला हे कापड हवं होतं.”

सूर्यभानने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा दयेने. मग त्याने दावं परत घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “जमलं न्हाई.” बाजार पांगला. आत काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक, त्यामुळे त्याला खोटं पाडायला कुणी नव्हतं. चाळीस वर्षं पाळलेला शब्द त्याने एका अनोळखी बाईसाठी गिळला होता.

“पर कापड द्यायचा न्हाई,” तो म्हणाला. “हे दिलं तर हात कशाखाली घालू? आमची रंगुबाई वर्साला रफू करती त्याला.”

राजेश्वरीने रफू बघितली आणि तिला राहवलं नाही. “रफू फार सुंदर आहे. पण कापड विरलंय, बाबा. मघाशी तुम्ही चार बोटं दाबलीत, ती मला वरून दिसली. आणि आकडा वाढवलात तेव्हा कोपर हललं. ते तर उघडंच होतं.”

पलीकडे हनुमंत नावाचा दुसरा दलाल तंबाखू मळत उभा होता. त्याच्याकडे बघत सूर्यभान म्हणाला, “म्हंजी दोन वर्सं ह्यो माझ्या कोपरावर धंदा करतोय व्हय.”

पुढचं मग झटपट झालं. राजेश्वरीने त्याला नव्या कापडासाठी अल्मासचा पत्ता दिला. रविवारी सूर्यभान नगरला अल्मासच्या दुकानात आला. तिने त्याला बसवलं, मला समोर बसवलं आणि सौदा करायला लावला. मी दुकानातल्या स्टुलाचा भाव केला. ती सूर्यभानचं कोपर बघत होती. मूठ मिटून, पंजा उघडून, रागाने, आनंदाने, अशी तिने सात मापं घेतली. गिऱ्हाईक आकडा नाकारतं तेव्हा तुमचा खांदा पुढे येतो, असं तिने त्याला सांगितलं. हे त्याला त्याच्या बायकोने, रंगुबाईनेही सांगितलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात तिने नवं कापड त्याच्या हातावर घातलं. बाहेरून गर्द मरून जाडं सुती, आत मऊ मलमल, कोपऱ्यांत वजनासाठी चपट्या पट्ट्या, आणि एक बाजू कोपराच्या चार बोटं पलीकडे जाणारी. सूर्यभानने खाली हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि राजेश्वरीला म्हणाला, “या आता.” दोघांचे हात नव्या कापडाखाली गेले. बाहेर काहीही हललं नाही. हात निघाले तेव्हा जुना हिमरू राजेश्वरीच्या खांद्यावर होता. काय ठरलं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

त्या हिमरूचं जाकीट अल्मासने एका रात्रीत शिवलं आणि रंगुबाईची रफू मुद्दाम दर्शनी बाजूला ठेवली. शनिवारी, रविवारी प्रदर्शनात लोकांनी त्याच्यासोबत फोटो काढले. एका बाईंनी असंच ऑनलाईन स्वस्तात मिळतं असं सांगितलं. एकाने, हे फाटलंय, असं लक्षात आणून दिलं. रविवारी चार वाजेपर्यंत कुणी काही शिवायला सांगितलं नव्हतं. अल्मासने पर्समधून नागापूरचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. राजेश्वरी त्याच्याकडे न बघता जाकिटाचा खांदा नीट करत राहिली. तो आधीच नीट होता.

तेवढ्यात दारात हनुमंत दिसला. मागे आणखी दोन दलाल. मंगल कार्यालयाच्या गालिच्यावर त्यांच्या वहाणांनी घोडेगाव आणलं. जाकिटाकडे कुणी पाहिलं नाही. हनुमंत थेट अल्माससमोर येऊन म्हणाला, “तुमच्या गल्लीत गेलतो, त्यांनी हितं धाडलं. सूर्यभानचा भाव दिसंना झालाय. ते कापड तुमीच शिवलं न्हवं?”

“हो. तसंच हवंय?”

“तसलं न्हाई. त्याचा हात त्याच्यापाशी. माझा बघा.” आणि त्याने अस्तनी वर केली.

अल्मासने गळ्यातला टेप काढला आणि त्याला मूठ मिटायला सांगितलं. मापाची वही दुकानात राहिली होती, म्हणून तिने फॉर्म उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर आकडे लिहायला घेतले. दुसऱ्या दलालाच्या मापापर्यंत जागा पुरली, तिसऱ्यासाठी तिने फॉर्म पुन्हा सुलटा केला आणि ‘अर्जदाराची सही’ या चौकटीत लिहिलं, कोपर साडेबारा.

राजेश्वरीने तोवर हनुमंतच्या सदऱ्याची कड उलटून पाहिली होती. सदरा तयार मालाचा होता, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.