निळ्याच्या अलीकडचा रंग

ओव्हनचे दार उघडून मुलीने जाड हातमोज्यांनी ताट बाहेर ओढले आणि खिडकीखालच्या ओट्यावर ठेवले. रोज सकाळी कारखान्यातले पहिले काम हेच असे: तापत ठेवलेले कोबाल्ट क्लोराइड पाहायचे. पाणी धरलेले असते तेव्हा ते गुलाबी असते. पाणी सुटत गेले की आधी जांभळे होते आणि पूर्ण कोरडे झाले की निळे. माल कोरडा झाला की नाही, हे ठरवण्याचा मान वडिलांचा. ते ताटावर वाकले.

“झालं निळं. भर डबे.”

कडेची एक निळी रेघ सोडली, तर ताट जांभळे होते.

“बाबा, अजून थोडा वेळ राहू दे.”

“हे कॉलेजात शिकवलं वाटतं? तुझ्या जन्माआधीपासून बघतोय मी हा रंग.”

ती हसली. पण नुकताच एका गिऱ्हाइकाने ओला निघाला म्हणून माल परत पाठवला होता. वडिलांनी डब्यांच्या झाकणांवर खापर फोडले होते, आणि तिनेही मान डोलावली होती. आणखी एकदा माल परत आला, तर ते गिऱ्हाईक तुटणार होते.

तिने कपाटातून गुलाबी आणि निळ्या नमुन्याच्या बंद कुप्या काढल्या. तिसऱ्या कुपीत समोरच्या ताटातले चमचाभर भरले आणि ती मधोमध ठेवली.

“यातलं निळं कुठलं?”

“बापाची परीक्षा घेतेस होय?” त्यांनी झोकात बोट दाखवले. “हे गुलाबी. ही दोन्ही निळी.”

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग एक कुपी उजेडात धरली, चष्मा पुसून दुसरी धरली.

“खरं निळं कुठलं?”

तिने शेवटच्या कुपीवर बोट टेकवले.

“मोतीबिंदू असेल, बाबा. काढून टाकता येतो.”

“काढू की.” त्यांनी कुपी ओट्यावर ठेवली. “म्हणजे झाकणवाल्याला मी उगाच झापलं.”

तिच्याकडून हातमोजे मागून घेऊन त्यांनीच ताट पुन्हा आत सरकवले. माल संध्याकाळी येईल, असे गिऱ्हाइकाला फोनवर कळवले. मग आपले स्टूल उचलून ते शेजारच्या खोलीत गेले. तिथे आम्लाच्या टाकीत कोबाल्ट कार्बोनेट विरघळत होते, आणि त्याची फसफस कधी थांबते याकडे कुणाला तरी लक्ष द्यावे लागे. त्यांनी मुखपट्टी बांधली, डोळे मिटले आणि टाकीकडे कान केला.