अर्धं ऐकलेलं गाऱ्हाणं

"बाबू, तू गाऱ्हाण्यात देवाक नेमक्या काय सांगलंस?" फेलिसिदादनं कुंपणापासूनच विचारलं.

शेजारचा बाबू नारळ सोलत होता. "तू सांगलंस ताच. 'फेलिसबायच्या नातवाची निवड चुकव रे म्हाराजा.' व्हय म्हाराजा म्हणूक चार माणसा होती."

"मगे ती झाली कशी?"

बाबूनं दुसरा नारळ सोलायला घेतला.

नातू म्हणजे रोनी, तिच्या लेकीचा, वेनेसाचा मुलगा. ऑस्ट्रेलियात जन्मला, तिथला लांबट चेंडूचा फुटबॉल खेळत वाढला. तोवर ठीक होतं. पण ऐन पंचविशीत त्याला अमेरिकेत जाऊन तिकडचा फुटबॉल खेळायची हुक्की आली. तो खेळ फेलिसिदादनं मोबाइलवर पाहिला आणि तिची भूकच मेली. हेल्मेट घातलेले रेडे नुसते! जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती ती. माडावरून पडलेली माणसं तिनं हातांनी उचलली होती, हाडांचं काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण पोर निवडीत नापास होऊ दे असं चर्चमधल्या सायबिणीपुढे, मेरीमातेपुढे, म्हणायला जीभ रेटेना. म्हणून तिनं बाबूला गावदेव रवळनाथाकडे धाडलं. वाईट मागणं शेजाऱ्याच्या तोंडून बरं.

"मांय, तो फक्त लाथ मारून बाहेर येता," वेनेसा फोनवर समजावत होती. "आपले गडी पुढे सरकाक नाय, अडकले काय चेंडू लांब उडवचो, इतक्याच काम. आमच्याकडच्या पोरांका त्यासाठीच नेतत." फेलिसिदादचा विश्वास बसला नाही. लेकी आईला असंच सांगतात.

सोमवारी सकाळी पहिला सामना. पडवीत चहाच्या डब्याला मोबाइल टेकवला. तिच्या हातात रोझरी, शेजारी बाबू. रोनीचा संघ अडकला आणि एक उंच, किडकिडीत पोरगा धावत मैदानात आला.

"रोनी!"

चेंडू त्याच्या हातात आला. त्यानं तो असा उडवला की बाबूनं सवयीनं आपल्या छपराकडे पाहिलं. लहानपणी मे महिन्यात इथं येऊन रोनीनं त्याची कौलं फोडली होती. चार रेडे रोनीवर धावले, पण चेंडू गेला होता, आता त्याला कोण विचारतो! तो बाहेर आला, हेल्मेट काढलं, पाणी प्यायला. फेलिसिदादनं नर्सच्या नजरेनं तपासलं. नाक सरळ. दात जागेवर.

"इतक्याच?"

"इतक्याच," बाबू म्हणाला. "देवान अर्ध्या आयकल्यान. निवडल्यान, पण बसवन ठेवल्यान."

ती हसली, रडली, मग चहा टाकायला गेली. कित्येक दिवसांनी तिला भूक लागली होती. खाज्याची पुडी फोडून ती निवांत बसली.

संघ आता जोरात होता. गुणांवर गुण. रोनी बाकावर. तिचा चहा संपला, खाजं संपलं, रोनी बाकावरच.

"इतक्या लांब गेलो तो बसाक?" ती पुटपुटली.

"अगो, आपले अडकल्याशिवाय तेका कशे धाडतीत?"

"मगे अडकांदेत की जरा!"

बाबू तिच्याकडे बघतच राहिला. पडद्यावर रोनी हेल्मेट मांडीवर घेऊन, मैदानाकडे डोळे लावून बसला होता. लहानपणी दुपारी 'झोप' म्हटलं की असाच दाराकडे बघत पडायचा.

"नारळ घे," ती म्हणाली. "नवा गाऱ्हाणा घाल."

"हयसरच? देवळात नुको?"

"हयसरच."

बाबूनं नारळ हातात धरला. "बा देवा म्हाराजा, फेलिसबायचो नातू परमुलखात खेळता. तेका सांभाळून धाड, पण धाड रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" फेलिसिदाद म्हणाली, आणि तिनं छातीवर क्रूस काढला.